लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलल्यावर दिसणारी लपलेली पार्टिशन्स: कोणतं कशासाठी असतं आणि कशाला हात लावायचा नाही?

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप नव्यासारखा पळायला लागतो. नवीन लॅपटॉप घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी, त्यामुळे कॉलेजची बरीच मुलं हा मार्ग निवडतात. एसएसडी बसते, विंडोज सुरू होतं, सगळं छान चालू असतं. मग कधीतरी डिस्क मॅनेजमेंट उघडलं जातं आणि प्रश्न पडतो: डिस्क एकच घेतली होती, मग हे चार-पाच तुकडे कुठून आले? १०० एमबीचा हा कोण? त्यावर १०० टक्के जागा रिकामी दाखवतंय, मग तो उडवून जागा मोकळी करू का?

याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पण नुसतं 'नाही' सांगून भागत नाही, कारण काही तुकडे खरंच काढता येतात आणि काही काढले तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरूच होत नाही. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री हे घडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून या लेखात मी प्रत्येक तुकड्याचं काम, डिस्क बदलताना त्याचं काय होतं आणि काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करायचं हे क्रमाने सांगतो.

आधी हातातल्या फोनकडे बघू

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येसुद्धा हेच असतं, फक्त ते दाखवलं जात नाही. फोनचं स्टोरेज अनेक पार्टिशन्समध्ये विभागलेलं असतं. फोन सुरू करण्यासाठी बूट, अँड्रॉइड ठेवण्यासाठी सिस्टिम, चिपचे ड्रायव्हर ठेवण्यासाठी व्हेंडर आणि तुमचे फोटो, अ‍ॅप्स, चॅट ठेवण्यासाठी डेटा. फॅक्टरी रिसेट केल्यावर तुमचं सगळं जातं, पण अँड्रॉइड मात्र जागेवर असतं. ते यामुळेच. रिसेटमध्ये फक्त डेटा पार्टिशन पुसलं जातं, सिस्टिमला हात लागत नाही.

२०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून तर काही फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. एका प्रतीवर फोन चालू असताना दुसऱ्या प्रतीत अपडेट भरलं जातं आणि रिस्टार्ट केल्यावर फोन नव्या प्रतीवर जातो. अपडेट फसलं तर जुनी प्रत शिल्लक असते.

लॅपटॉपमध्ये विचार हाच आहे. फरक एवढाच की फोनमध्ये ही पार्टिशन्स कुलपात असतात आणि लॅपटॉपमध्ये तुमच्या हातात. चुकीच्या जागी क्लिक करायची मुभा लॅपटॉप तुम्हाला देतो.

पार्टिशन म्हणजे नक्की काय?

डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. कोणता तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि तो कोणत्या प्रकारचा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. शेतजमिनीचा सातबारा आठवा. जमीन एकच सलग असते, पण कोणाचा गट किती आणि कुठवर हे कागदावर ठरतं. पार्टिशन हा असा कागदावरचा बांध आहे. डिस्कमध्ये खरी भिंत कुठेच नसते.

हा तक्ता लिहायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली एमबीआर. ही १९८३ पासूनची पद्धत. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सगळा कारभार. त्यात फक्त चार मुख्य पार्टिशन्सची नोंद बसते आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर सुमारे २.२ टीबीपुढची जागा तिला मोजताच येत नाही.

दुसरी जीपीटी. ही यूईएफआय नावाच्या नव्या फर्मवेअरसोबत आली. विंडोजमध्ये हिच्यात १२८ पार्टिशन्सची सोय आहे आणि महत्त्वाचं म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिली प्रत खराब झाली तर दुसरीवरून दुरुस्ती करता येते. विंडोज ११ ला यूईएफआय लागतं, त्यामुळे आजच्या लॅपटॉपमध्ये तुम्हाला बहुधा जीपीटीच दिसेल.

मग 'लपलेलं' पार्टिशन म्हणजे काय? त्यात काही जादू नाही. जीपीटीच्या तक्त्यात प्रत्येक पार्टिशनच्या प्रकाराचा एक लांबलचक क्रमांक असतो. तो वाचून विंडोज ठरवतं की याला सी, डी, ई असं अक्षर द्यायचं की नाही. अक्षर दिलं नाही की ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. बस, एवढंच लपणं. डिस्कवर ते बाकीच्यांसारखंच बसलेलं असतं.

जाता जाता, अक्षरं सी पासून का सुरू होतात? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, सवय राहिली.

ही पार्टिशन्स कुठे बघायची?

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा. येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी आणि त्यात तुकडे दिसतील. नुसतं बघण्याने काहीही बिघडत नाही, निर्धास्त बघा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशनपुढे '१०० टक्के फ्री' असं दिसतं. ते खरं नाही. त्या पार्टिशनला अक्षर दिलेलं नसल्यामुळे हे टूल आत बघतच नाही आणि सगळी जागा रिकामी म्हणून दाखवतं. हा आकडा बघून 'रिकामंच आहे की' म्हणत ते उडवणारे मी बरेच पाहिले आहेत.

दोन, डिस्क मॅनेजमेंट सगळं दाखवत नाही. एक पार्टिशन त्यात येतच नाही. ते बघायचं असेल तर डिस्कपार्ट नावाचं टूल वापरावं लागतं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिस्कपार्ट टाइप करा. डिस्क आणि पार्ट हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहायचे. मग क्रमाने तीन कमांड: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन. या तिन्ही फक्त वाचतात, काही बदलत नाहीत. लिस्ट डिस्कच्या यादीत जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली तर ती डिस्क जीपीटी आहे. बघून झालं की एक्झिट टाइप करून बाहेर पडा. डिस्कपार्टमध्ये क्लीन आणि डिलीट या कमांड 'नक्की का?' असं विचारत नाहीत, म्हणून काम नसताना तिथे रेंगाळू नका.

एक उदाहरण

माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क होती. तिच्यावर हे तुकडे होते: २६० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं न दिसणारं एमएसआर, सुमारे ९१५ जीबीचं सी, १ जीबीचं रिकव्हरी आणि शेवटी १५ जीबीचं कंपनीचं रिकव्हरी. त्या जागी ५१२ जीबीची एसएसडी बसवून मी विंडोज नव्याने टाकलं. आता तुकडे झाले चार: १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर, सुमारे ४७६ जीबीचं सी आणि पाऊण जीबीच्या आतबाहेरचं रिकव्हरी. कंपनीचं १५ जीबीचं पार्टिशन आलंच नाही. ते डिस्कबरोबर येतं, लॅपटॉपबरोबर नाही.

आता यातल्या एकेकाची ओळख करून घेऊ.

१. ईएफआय सिस्टिम पार्टिशन

आकार साधारण १०० ते २६० एमबी, फॉरमॅट एफएटी३२. पॉवर बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं यूईएफआय सर्वांत आधी हे पार्टिशन शोधतं. यातली विंडोज बूट मॅनेजर ही छोटी फाइल चालू होते आणि ती पुढे सी वरचं विंडोज उठवते. एफएटी३२ अशासाठी, की फर्मवेअरला विंडोजचं एनटीएफएस वाचता येईलच असं नाही.

हे उडवलं तर सी वरचं विंडोज आणि तुमच्या सगळ्या फाइल जशाच्या तशा राहतात, पण त्यांच्यापर्यंत जायचं दार नाहीसं होतं. लॅपटॉपवर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश येतो. उबुंटूसारखं लिनक्सही टाकलेलं असेल तर त्याचं बूटही बहुधा इथूनच होतं, म्हणजे दोन्ही एकदम गेले. याला कधीही हात लावायचा नाही.

२. मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड, म्हणजे एमएसआर

आकार १६ एमबी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये न दिसणारं ते हेच. यात फाइल नसतात, फॉरमॅटही नसतो. पुढे कधी डिस्कची रचना बदलायची वेळ आली तर विंडोजला थोडी राखीव जागा असावी म्हणून हे ठेवलेलं असतं. उडवून मिळणार काय, तर १६ एमबी, म्हणजे चार-पाच फोटोंची जागा. सोडून द्या.

३. सी, म्हणजे तुमचं नेहमीचं पार्टिशन

विंडोज, प्रोग्रॅम आणि तुमच्या फाइल. इथे एक गंमत आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी पुढे 'बूट' लिहिलेलं असतं आणि ईएफआयपुढे 'सिस्टिम'. वाटतं उलटं, पण मायक्रोसॉफ्टची पूर्वापार परिभाषा अशीच आहे: ज्यावरून मशीन सुरू होतं ते सिस्टिम आणि ज्यावर विंडोज आहे ते बूट. वाचताना गोंधळू नका.

४. रिकव्हरी पार्टिशन

आकार साधारण ५०० एमबी ते १ जीबी. विंडोज सुरू होत नसेल तेव्हा निळ्या स्क्रीनवर 'ट्रबलशूट' वगैरे पर्याय येतात, ते छोटं विंडोज इथे राहतं. फोनमधल्या रिकव्हरी मोडचा हा भाऊ समजा. हे उडवलं तर आज काहीच जाणवणार नाही, लॅपटॉप रोजच्यासारखा सुरू होईल. ज्या दिवशी विंडोज बिघडेल त्या दिवशी मात्र मदतीला कोणी नसेल आणि दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवायला धावावं लागेल.

याची जागा कमी पडणं हीसुद्धा खरी अडचण आहे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट बऱ्याच जणांकडे इन्स्टॉल होईना, कारण त्यांच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये लागणारी २५० एमबी मोकळी जागा नव्हती. एवढ्याशा तुकड्यापायी अपडेट अडलं होतं.

५. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन

आकार १० ते २० जीबी किंवा जास्तही. लॅपटॉप बनवणारी कंपनी यात फॅक्टरीतून आलेल्या विंडोजची पूर्ण प्रत, ड्रायव्हर आणि सोबत आलेली स्वतःची अ‍ॅप्स ठेवते. सगळ्या लॅपटॉपमध्ये हे नसतं. तुम्ही विंडोज नव्याने टाकलं असेल आणि सगळे ड्रायव्हर नीट चालत असतील तर यातलं काही लागत नाही. या यादीतलं विचार करून काढता येण्यासारखं पार्टिशन हे एकच. तरी काढण्याआधी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवून ठेवा.

६. सिस्टिम रिझर्व्हड

हे जुन्या एमबीआर डिस्कवर दिसतं. विंडोज ७ मध्ये ते १०० एमबीचं असायचं. एमबीआर जगातलं ईएफआयचं काम हेच करतं, म्हणून नियमही तोच: हात लावायचा नाही.

५१२ जीबी घेतली, ४७७ जीबीच दिसते. बाकीची लपवली का?

नाही. हा हिशोबाचा फरक आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजतात. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ चा तीनदा गुणाकार, अर्थात १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजतं. म्हणून खोक्यावरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही. २५६ जीबीची डिस्क सुमारे २३८, ५०० ची सुमारे ४६५, ५१२ ची सुमारे ४७७ आणि १ टीबीची सुमारे ९३१ दिसते. दुकानदाराने फसवलं नाही आणि लपलेल्या पार्टिशन्सनी खाल्लीही नाही. नव्या विंडोजची सगळी लपलेली पार्टिशन्स मिळून साधारण एक जीबीसुद्धा होत नाहीत.

डिस्क बदलण्याचे दोन मार्ग आणि त्यातले खड्डे

पहिला मार्ग क्लोनचा. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करायची. यात लपलेली पार्टिशन्ससुद्धा येतात, पण संपूर्ण डिस्क क्लोन केली तरच. काही जण फक्त सी निवडून क्लोन करतात, ईएफआय मागेच राहतं आणि मग नवी डिस्क सुरू होत नाही. क्लोन करताना सगळे तुकडे निवडले आहेत ना, हे बघा.

क्लोनमध्ये आणखी एक त्रास होतो. ५०० जीबीवरून १ टीबीवर क्लोन केलं की उरलेली अर्धी जागा पट्टीच्या शेवटी काळ्या रंगात 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. तुम्ही सी वर राइट क्लिक करता आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' दाबता येत नाही, कारण सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. डिस्क मॅनेजमेंटला लगतची उजवीकडचीच जागा जोडता येते. अशा वेळी रिकव्हरी उडवायची घाई करू नका. पार्टिशन सरकवणारं टूल वापरून ते शेवटी सरकवा, मग सी वाढवा. त्याआधी महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप घ्या, कारण सरकवताना लाइट गेली किंवा बॅटरी संपली तर नुकसान होऊ शकतं. हे जमणार नसेल तर सोपा उपाय आहे: त्या मोकळ्या जागेचं वेगळं डी पार्टिशन बनवा. काहीच बिघडत नाही.

दुसरा मार्ग विंडोज नव्याने टाकण्याचा. मी शक्यतो हाच सुचवतो. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घ्यायचं आणि इन्स्टॉल करताना नवी डिस्क पूर्ण 'अनअलोकेटेड' असताना तीच निवडून पुढे जायचं. स्वतः तुकडे पाडायची गरज नाही, लागणारी लपलेली पार्टिशन्स विंडोज आपोआप बनवतं.

या मार्गावर सर्वांत मोठा खड्डा पुढचा. काही लॅपटॉपमध्ये दोन जागा असतात, एक हार्ड डिस्कची आणि एक छोट्या एम.२ एसएसडीची. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असताना एसएसडीवर विंडोज टाकलं, तर विंडोजचा इन्स्टॉलर बऱ्याचदा जुन्या डिस्कवर आधीपासून असलेलं ईएफआय पार्टिशनच वापरतो. म्हणजे विंडोज नव्या डिस्कवर आणि दार जुन्या डिस्कवर. सहा महिने सगळं मस्त चालतं. मग एक दिवस तुम्ही 'आता ही जुनी लागत नाही' म्हणून ती काढता किंवा फॉरमॅट करता आणि लॅपटॉप सुरूच होत नाही.

उपाय अगदी सोपा: इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवा. आधीच इन्स्टॉल झालेलं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय पार्टिशन नक्की कोणत्या डिस्कच्या पट्टीत आहे ते आजच बघून घ्या. नव्या डिस्कच्या पट्टीत नसेल तर जुनीला हात लावू नका.

लायसन्स जातं का? विंडोज ८ पासूनच्या, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपमध्ये की सहसा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते, हार्ड डिस्कवर नाही. तीच आवृत्ती टाकली तर इंटरनेट मिळताच विंडोज स्वतः अ‍ॅक्टिव्हेट होतं. 'डिस्क बदलली म्हणून लायसन्सचे वेगळे पैसे' असं कोणी म्हणालं तर आधी हे तपासा.

जुनी डिस्क काढण्याआधी बिटलॉकर बघाच

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसरीकडे जोडली की फाइलऐवजी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. की नसेल तर फाइल मिळत नाहीत. दुकानदाराकडेही यावर उपाय नसतो.

म्हणून डिस्क काढण्याआधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून की तिथे आहे का बघा, ती कागदावर लिहून ठेवा आणि क्लोन करणार असाल तर एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. बंद करायला वेळ लागतो, लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा.

जुनी डिस्क यूएसबीने जोडल्यावर

डिस्क केसमध्ये घालून जोडली की तिचं सी आता ई किंवा एफ म्हणून दिसेल. आतल्या फाइल उघडताना 'परवानगी नाही' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबून थोडा वेळ थांबा. बाकीची लपलेली पार्टिशन्स अक्षराशिवाय तशीच बसलेली असतील.

कधीकधी विंडोज विचारतं की 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?' उत्तर नेहमी कॅन्सल. याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नाही, तर विंडोजला त्या पार्टिशनची भाषा कळली नाही असा असतो. ते लिनक्सचं पार्टिशन असू शकतं किंवा तक्त्यात बिघाड झालेला असू शकतो. दोन्हीकडे डेटा आत असू शकतो.

डिस्क विकायची असेल तर? पार्टिशन डिलीट करून किंवा क्विक फॉरमॅट करून डेटा पुसला जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही, तसंच. फाइल परत काढून देणारी टूल मोफत मिळतात आणि तुमचे फोटो, आधार कार्डाचं स्कॅन अनोळखी माणसाच्या हातात पडू शकतं. शिवाय साधा फॉरमॅट एकाच पार्टिशनचा होतो, बाकीची तशीच राहतात.

हार्ड डिस्क पूर्ण पुसायला डिस्कपार्टमधली 'क्लीन ऑल' ही कमांड आहे. ती पूर्ण डिस्कवर शून्य लिहिते. नुसती 'क्लीन' फक्त तक्ता पुसते, हा फरक ध्यानात ठेवा. क्लीन ऑलला काही तास लागतात. ती देण्याआधी लिस्ट डिस्कमध्ये आकार बघून डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा. क्रमांक ० ला बहुतेक वेळा तुमची चालू डिस्क असते. दोन्ही डिस्कचा आकार सारखा असेल आणि जराही शंका असेल तर थांबा. जुनी डिस्क एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या टूलमधला सिक्युअर इरेज हा पर्याय वापरा.

चुकून डिलीट झालंच तर?

पहिली गोष्ट, त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. फॉरमॅट नको, नवीन विंडोज नको.

डेटाचं पार्टिशन गेलं असेल तर हार्ड डिस्कवर फक्त तक्त्यातली नोंद गेलेली असते. टेस्टडिस्कसारखं मोफत टूल डिस्क वाचून ती नोंद पुन्हा शोधू शकतं. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून मोकळी करते, म्हणून तिथे आशा कमी असते आणि घाई जास्त करावी लागते.

ईएफआय गेलं असेल तर घाबरू नका, फाइल सुरक्षित आहेत. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून, रिपेअरमधल्या कमांड प्रॉम्प्टमधून, नवं छोटं एफएटी३२ ईएफआय पार्टिशन बनवता येतं आणि बीसीडीबूट नावाच्या कमांडने त्यात बूट फाइल पुन्हा भरता येतात. ओळखीच्या जाणकाराकडे हे काम तासाभराचं आहे. दुकानात 'सगळं फॉरमॅट करावं लागेल' असं सांगितलं तर ईएफआय पुन्हा बनवायला सांगा किंवा निदान आधी डेटा काढून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

ईएफआय, एमएसआर, सिस्टिम रिझर्व्हड: कधीच उडवायचं नाही.

रिकव्हरी: ठेवा. हलवायचं असेल तर सरकवा.

कंपनीचं रिकव्हरी: पेनड्राइव्ह बनवल्यावर, गरज असेल तर काढा.

'१०० टक्के फ्री' या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

विंडोज नव्याने टाकताना जुनी डिस्क काढून ठेवायची.

डिस्क काढण्याआधी बिटलॉकरची की हातात हवी.

नवी डिस्क बसवल्यावर जुनी निदान महिनाभर कपाटात तशीच ठेवा. सगळ्या फाइल आल्या आहेत आणि लॅपटॉप जुन्या डिस्कशिवाय सुरू होतो आहे याची खात्री झाली की मगच ती पुसा. तोपर्यंत तुमच्या फाइलची एक जास्तीची प्रत तुमच्याकडे राहते, आणि तीसुद्धा फुकट.